कामठीची कबर, आणि शेजारी कोण?

चाफा_सदर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचे मराठी ख्रिस्ती. दर वर्षी २ नोव्हेंबरला जरीपटक्याच्या दफनभूमीत जातो. आदल्या दिवशी कबरींना चुना मारायचा, दुसऱ्या दिवशी झेंडू आणि मेणबत्त्या. लहानपणी मला ही जत्राच वाटायची. यंदा आईनं (वय ७८) अचानक सांगितलं, "मला माझ्या आजोबांची कबर पाहायची आहे, कामठीला." हे पंजोबा एका मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात त्यांचा एक फोटो आणि एक पितळी खल आहे, बाकी काही नाही.

तर रविवारी मी, आई, मोठी मावशी (८२) आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा असे चौघं गेलो. मावशी म्हणत होती चिंचेखाली आहे. चिंच सापडली नाही, मावशी गाडीतच रुसून बसली. शेवटी कंपाउंडच्या टोकाला कडुनिंबाखाली पोरानंच शोधली. काळा दगड, नाव स्पष्ट, खाली "प्रभूमध्ये निजला, १९४१". आई हात फिरवत राहिली, बोलली काही नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. शेजारी तसाच दगड. त्यावर पंजोबांचं नाव आणि खाली "यांची पत्नी, १९५२". नुसतं एवढंच, तिचं स्वतःचं नाव नाही. आता गंमत अशी की आईचे वडील नेहमी सांगायचे, माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. त्यांचा जन्म १९१२चा. मग ही १९५२ची पत्नी कोण?

मी मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मेणबत्ती लाव आणि चल. ऊन वाढतंय." नोव्हेंबरात!

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, १९१८च्या आसपास गेलेल्या बाईची कबर किंवा नोंद कुठे शोधायची? दोन, मावशीला नको असेल तर शोधावी का?

---

तर्रीपोहे | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०२

बाप्पा, पहिल्याच धाग्यात शिरियल काढली तुम्ही. पुढचा भाग कधी?

आमच्या घरी कोणाले पंजोबाचं नावही मालूम नाही. आमचं सगळं कन्हानमधी वाहून गेलं. तुमच्याकडे निदान दगड तरी हाय.

---

नर्मदाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

आपल्या भावना समजू शकतो. पण लहान मुलाला अशा जागी नेणं मला पटलेलं नाही. आमच्यात बाया आणि मुलं स्मशानात जात नसत, त्यामागे काही विचार होता. दुसरं, वडीलधारी बाई "चल" म्हणते तेव्हा चलावं. गेलेल्यांचं उकरून काय साधणार?

---

संत्राबर्फी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३३

वाचतेय.

---

मोमीनपुरा_गल्ली६ | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

नर्मदाकाठ काका, पोराला नेल्यानं काही होत नाही. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून शब-ए-बरातला अब्बांसोबत कब्रस्तानात जातो. मोमीनपुऱ्याचं कब्रस्तान केवढं मोठं आहे ते नागपूरकरांना माहीत आहे. आमच्या बहुतेक कबरी कच्च्या, नाव-गाव काही नाही. अब्बा गेटपासून पावलं मोजायचे. "नीमपासून डावीकडे अकरा कदम, तुझे दादा. त्यांच्या पायाशी फुफी." दर वर्षी तेच वाक्य. त्यांच्या डोक्यात नकाशा होता.

अब्बा २०२० मध्ये गेले. पुढच्या वर्षी मी पावलं मोजली आणि माझे अकरा कदम त्यांच्या अकरा कदमांपेक्षा लांब निघाले. दादाच्या पलीकडे जाऊन कोणा दुसऱ्याच्याच कबरीवर फातेहा पढून आलो. बहिणीला सांगितलं तर म्हणते, "आम्हाला आत येऊ दिलं असतं तर मी लिहून ठेवलं असतं." ती इंजिनिअर आहे, मोजून नकाशाच काढला असता तिनं.

चाफाताई, मावशी आहे तोवर विचारून घ्या. दगडाला नंतर विचारता येतं, माणसाला नाही.

---

दाखलखारीज | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तर्रीपोहे, वाहून काही जात नाही. सरकारी कागदात सगळं बसलेलं असतं, फक्त रेकॉर्ड रूमची धूळ खायची तयारी पाहिजे.

मी पूर्वज शोधायला कधीच निघालो नव्हतो. पोरीच्या जात पडताळणीसाठी निघालो. आम्हा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो (भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचितांना १९५०). आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज (शाळेच्या नोंदवहीतला उतारा) मिळेना, म्हणून तहसिलीत कोतवाल बुक काढलं. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू कळवायचा, त्याची ही नोंदवही. आपल्या विदर्भात जुन्या मध्य प्रांताच्या काळापासूनची सापडते.

पान उलटत गेलो. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव नाहीच. "अमक्यास मुलगी झाली", "तमक्यास मुलगा झाला", बस. मृत्यूच्या कारणाचा रकाना आहे, तिथं खाली खाली "ताप, ताप, ताप, देवी, ताप". माझ्या आजोबांना एक बहीण होती हे मला त्या पानावर कळलं. तीन वर्षांची होऊन गेली. आजोबा ८९ वर्षं जगले, कधी बोलले नाहीत तिच्याबद्दल. बाबूनं "झालं का काम?" विचारलं तेव्हा मी त्याच पानावर बसलो होतो.

आता चाफाताईंच्या कामाचं. मूल सहा वर्षांचं, जन्म १९१२, म्हणजे १९१८. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ची पानं कोणत्याही गावची काढा, हातात जड लागतात. इन्फ्लुएंझाची साथ. आपल्या मध्य प्रांतात देशातल्या सगळ्यात वाईट लाटांपैकी एक आली होती. आमच्या गावच्या वहीत इतर महिन्यांना अर्धं पान, त्या दोन महिन्यांना कित्येक पानं. अक्षरही बदलतं मध्येच. लिहिणारा आजारी पडला की गेला, माहीत नाही.

दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको. तर्क करा.

---

चाफा_सदर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

दाखलखारीज, हे वाचून चहा गार झाला. १९१८चा विचार मी फक्त वजाबाकी म्हणून केला होता. साथ डोक्यातच आली नाही.

---

गिरिपुत्र | ५ नोव्हेंबर, दुपारी १:००

एक दुरुस्ती. "हिंदूंचं सगळं वाहून जातं" हे वाक्य दर वेळी ऐकतो. आम्ही गोसावी. आमच्यात बसवून समाधी देतात. लिंगायतांत पुरतात. महानुभावांतही दफनाची परंपरा आहे. गोंडांच्या कित्येक गावांत दफन आणि वर स्मृतिस्तंभ. तान्ही मुलं तर जवळपास सगळ्याच जातींत पुरतात. तेव्हा कबर म्हटलं की फक्त किरिस्ताव-मुसलमान असं नको.

आमच्या मठामागे चौदा समाध्या आहेत. मोठ्या चार जणांची नावं सगळ्यांना येतात. उरलेल्या दहा "महाराजांच्या". कोणते महाराज? तर जुने महाराज.

---

तर्रीपोहे | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

गिरिपुत्र भाऊ, सॉरी. माहीत नव्हतं. आणि दाखलखारीज, तुम्ही सकाळी सकाळी रडवून राहिले ना बे.

---

नर्मदाकाठ | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

गिरिपुत्र यांचं बरोबर आहे, माझ्या लिहिण्यातही ते राहिलं. माझी स्वतःची धाकटी बहीण पुरलेली आहे, चार महिन्यांची. जागा फक्त वडिलांना माहीत होती.

---

दप्तरदार | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

जरा लांबलचक लिहितो, कारण या विषयावर लोक चुकीच्या दारात उभे राहून वर्षं घालवतात.

कामठीची छावणी १८२१ची. १८१६च्या तहानं भोसल्यांच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज आली, १८१७ला सीताबर्डीची लढाई झाली, आणि मग कन्हानकाठी ही छावणी बसली. तिथं बराच काळ मद्रास फौजेच्या पलटणी असत. म्हणून तिथल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या प्रती मद्रासच्या दप्तरात गेल्या आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लोक मुंबईच्या नोंदी चाळत बसतात आणि हात हलवत परत येतात. भोसल्यांचं राज्य १८५४ला खालसा झालं, मध्य प्रांत १८६१ला झाला, पण छावणीच्या कागदांची वाट नेहमी प्रांताच्या नकाशाप्रमाणे जात नाही, पलटणीप्रमाणे जाते.

दुसरं, १९३२ साली सरकारी छापखान्यातून मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी निघाली, ओ. एस. क्रॉफ्टन यांनी केलेली. तेव्हा वाचता येत असलेले आणि आज पुसलेले कित्येक लेख त्यात मिळतात. इंग्लंडात १९७६पासून दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी काम करणारी एक संस्थाही आहे, बॅक्सा.

आणि आता तुमच्यासाठी वाईट बातमी, चाफाताई. हे सगळं साहेबांसाठी आहे. कर्नल, त्याची मेमसाहेब, कॉलऱ्यानं गेलेलं त्यांचं बाळ, सगळे सापडतील. देशी कंपाउंडर आणि त्याची बायको या याद्यांत शोधू नका. त्यांची जागा एकच, ज्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ते जात होते तिची स्वतःची दफन-नोंदवही. ती पाळकांच्या कपाटात असते. नसली तर आधीच्या पाळकांच्या कपाटात. तिथंही नसली तर नगरपालिका किंवा छावणीची मृत्यूनोंद.

---

दगडगोटा | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

दफनभूमीचा विषय निघाला आणि जुनापाणीचं नाव नाही? नागपूरची सगळ्यात जुनी सिमेट्री काटोल रोडवर आहे हो. तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं. लोहयुगातली, म्हणजे दोन-अडीच हजार वर्षं तरी जुनी. मोठमोठे दगड गोलात मांडलेले, काहींवर ओळीनं वाटीसारखे खळगे कोरलेले. माहूरझरीला डॉ. शां. भा. देवांच्या उत्खननात माणसांसोबत घोडेही निघाले, तांब्याच्या दागिन्यांसकट. घोड्याला दागिने घालून पुरणारी माणसं आपले पूर्वज की आणखी कोणाचे, कोणास ठाऊक. पोराला तिकडे न्या, चाफाताई, घोडा म्हटलं की येईल.

अवांतर: रेव्हरंड हिस्लॉप, ज्यांच्या नावानं १८८३ला कॉलेज निघालं, ते याच शिळावर्तुळांपायी गेले. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलसोबत टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. ४ सप्टेंबर १८६३, परतताना बोरीजवळ नाल्याला पूर, त्यात बुडाले.

---

संत्राबर्फी | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५८

मी हिस्लॉपची. तीन वर्षं तिथं काढली आणि हे आज कळतंय. 🤦

---

तर्रीपोहे | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०४

तीन वर्षं कँटीनमधी बसल्यावर काय कळन?

---

संत्राबर्फी | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०६

तुम्हीही तिथलेच दिसता.

---

छायाप्रकाश | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

धागा घोड्यावर बसून भलतीकडे निघालाय, परत आणतो. दगड वाचायचं थोडं सांगतो, मी जुने लेख टिपत फिरतो म्हणून.

पुसट अक्षरांवर खडू, पीठ, चुना, ॲसिड काहीही चोळू नका. तारेचा ब्रश तर नकोच. दगड कायमचा जातो. साधं पाणी शिंपडा, ओल्या दगडावर अक्षर उठतं. मग आरसा. दगडाच्या बाजूनं तिरकं ऊन पाडायचं, समोरून नाही. खोदलेल्या कडेला सावली पडते आणि अक्षर वर येतं. आरसा नसेल तर ओढणी टाकून अंधार करा आणि मोबाईलची टॉर्च कडेला धरा. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. दुपारी बाराला कोरा दगड दिसतो.

संगमरवरी पाट्यांत पूर्वी शिशाची अक्षरं बसवत. शिसं चोरीला जातं, पण अक्षर अडकवायला पाडलेली बारीक भोकं राहतात. भोकं जोडत गेलं की शब्द वाचता येतो. धीर लागतो.

पावसाळ्यात जाऊ नका, गवत कमरेएवढं असतं आणि गवतात काय असतं ते पाय पडल्यावरच कळतं. मे महिन्याचं नागपूर मी सांगायला नको. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

---

पुणेरी_नागपूरकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

धंतोलीत वाढलो, आता पुण्यात. आमच्याकडे कबर नाही, वही आहे. बाबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो. गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत गेले, लाल कापडात बांधलेली लांब वही घेऊन आले. त्यात पणजोबांची सही. मोडीत. मला वाचता येईना, गुरुजींनी वाचून दाखवली. त्यांच्याखाली आजोबा, बाबा, आणि मग मला पेन दिलं.

पण चाफाताई, तुमचा "यांची पत्नी" वाचून लक्षात आलं ते सांगतो. आमच्या वहीतही पुरुषांची रांग सलग आहे. बायका कुठे नावानं, कुठे नुसतं "सहकुटुंब". आणि नाव असलं तरी कोणतं? लग्नात नाव बदलायचे. माहेरचं एक, सासरचं दुसरं. माझ्या आजीच्या बँकेच्या पासबुकावर एक नाव आणि तिच्या भावाच्या पत्रांत दुसरंच. तुमच्याकडे बाप्तिस्म्याचं नाव हाही एक पदर असेल. तेव्हा नोंदवहीत शोधताना घरात चालत आलेलं नाव धरून बसू नका, हाताला आलेली बाई निसटेल.

---

चाफा_सदर | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दप्तरदार, तुम्ही दार तरी दाखवलंत. पुणेरी_नागपूरकर, हे फार कामाचं. आम्ही पंजीला ज्या नावानं ओळखतो ते बायबलमधलं आहे. त्याआधी तिचं काही नाव असणारच, हा विचार कोणी केला नाही.

नर्मदाकाठ काका, तुमचा प्रश्न मनात आहे. मावशीला न विचारता पुढे जाणार नाही. फक्त कसं विचारू ते कळत नाही.

---

नर्मदाकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

वाद घालून विचारू नका. काहीतरी निवडायला बसा. मेथी, तांदूळ, काहीही. हात गुंतले की माणूस बोलतो. मी माझ्या आईकडून असंच काढलं होतं.

---

मोमीनपुरा_गल्ली६ | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

काका आज टीम बदलली तुम्ही 😄

---

चाफा_सदर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अपडेट.

नर्मदाकाठ काका, तुम्हाला नमस्कार. तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. अर्धा किलो होईस्तोवर मावशी गप्प. मग आपणच म्हणाली, "१९५२ची ती, तिलाच मी आजी म्हणायची. तिनं मला वेणी घालायला शिकवलं. बाबांची ती सावत्र आई. बाबांनी तिला कधी आई म्हटलं नाही, आणि ती कधी रागावली नाही. आता तुम्ही खरी आजी शोधायला निघालात, तर ही खोटी होते का?"

मला उत्तर देता आलं नाही. आई म्हणाली, "ताई, दोन्हीकडे मेणबत्ती लावू." मावशी शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "चल येते मीपण चर्चमध्ये. पण चिंचच होती तिथं, कापली असेल."

नोंदवहीची कथा मात्र वेगळीच. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. पहिल्या खेपेला "साहेब जेवायला गेले". दुसऱ्या खेपेला "एवढं जुनं नाही आमच्याकडे". तिसऱ्या खेपेला मावशी सोबत होती, काठी टेकत आत गेली आणि म्हणाली, "माझा बाप्तिस्मा इथं झालाय, ती वही तरी दाखवा." तिच्या बाप्तिस्म्याची वही निघाली. त्याच कपाटाच्या तळाशी, वाळवीनं कडा खाल्लेली, दफनाची निघाली.

अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत. दाखलखारीज, तुम्ही सांगितलं तसंच. सप्टेंबर १९१८पर्यंत पानाला नीट चार-पाच ओळी, वळणदार अक्षर. मग ऑक्टोबर आला की ओळी चिकटत जातात, रकाने सोडून दिलेत, एका तारखेखाली तीन-तीन नावं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वेगळं अक्षर सुरू होतं.

तिथंच ती आहे. "कंपाउंडर –– यांचे कुटुंब, वय अंदाजे २५". कारण "ताप". आणि पुढे, इतर ओळींत नाही असं, कंसात एक नाव लिहिलंय. घरात चालत आलेलं बायबलचं नाही. मराठी नाव आहे, एका नदीचं. नदीच्या नावाआधी "पूर्वीची" असा शब्द.

लिहिणाऱ्यानं तेवढ्या गर्दीत ते का लिहिलं असेल? आई म्हणते, आजोबांनी सांगितलं असेल, हेही लिहा म्हणून.

कबरीचा नंबर नाही. त्या पानावर कोणाचाच नाही.

---

दाखलखारीज | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२२

"ताप."

---

दप्तरदार | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

अभिनंदन. नंबर नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. साथीत ओळीनं खड्डे खणत, दगड नंतर बसवू म्हणत आणि राहून जात. त्या पानाचा फोटो घेतला का? परवानगीनं, दोन प्रती, एक मंडळीला परत द्या. वाळवी सुरू झालेली वही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबत नाही.

---

तर्रीपोहे | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४४

कोणती नदी? वेणा? कन्हान तं नसन. पोरीचं नाव कन्हान कोण ठेवते.

---

चाफा_सदर | २३ नोव्हेंबर, रात्री ११:००

दप्तरदार, हो, फोटो घेतले आणि चांगली प्लास्टिकची पेटीही देऊन आलो.

तर्रीपोहे, नदी आमच्यात राहू द्या. 🙂

---

गिरिपुत्र | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

हा धागा वाचून काल मठात गेलो. ९१ वर्षांचे एक बाबा आहेत, त्यांना समाध्यांपाशी खुर्चीवर बसवलं आणि वही घेतली. दहापैकी सहा नावं मिळाली. सातव्यावर त्यांचा आणि दुसऱ्या बाबांचा वाद झाला, तो अजून चालू आहे.

---

मोमीनपुरा_गल्ली६ | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

माझी बहीण विचारतेय, "अब्बांची उंची किती होती?" मी म्हटलं, का? तर म्हणे उंचीवरून पावलाची लांबी काढते, अकरानं गुणते. पाच फूट चार इंच सांगितलं. आता टेप घेऊन मला पाठवणार आहे, आणि मी व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा.

---

चाफा_सदर | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

नाताळच्या आधी एकदा जाऊन आलो, सगळे. सकाळी सातला. छायाप्रकाश, आईच्या पर्समधला छोटा आरसा पुरला. पोरगा उन्हाचा तुकडा दगडावर फिरवत होता आणि मावशी "वर घे, अजून वर" म्हणत होती. १९५२च्या दगडावर, "यांची पत्नी"च्या खाली, मातीत गेलेली एक ओळ निघाली. बोटानं माती काढली, पाणी घातलं. "मुलांनी बसविला." मुलांनी म्हणजे आईच्या वडिलांनी आणि त्यांच्या सावत्र भावांनी. आई कधी न म्हणणाऱ्या माणसानं दगडाला पैसे दिले होते. मावशीला हेही माहीत नव्हतं. तिनं तो आरसा आपल्याकडेच ठेवून घेतला.

पंजीसाठी जागा नाही, म्हणून कडुनिंबाच्या बुंध्याशी मेणबत्ती लावली. वारा होता. दोनदा विझली, तिसऱ्यांदा पोरानं आपल्या टोपीचा आडोसा केला.

परतताना मावशीला कुंपणाला लागून एक मोठा खुंट दिसला. माळ्याला विचारलं कशाचा. चिंचेचा. गाडी नागपूरला पोचेपर्यंत दुसरा विषय नव्हता.

---

तर्रीपोहे | २२ डिसेंबर, रात्री ८:१५

मावशीले साष्टांग.

आमच्या आजीनं परवा सांगितलं, तिची एक सवत होती म्हणे, रामटेकजवळच्या गावची. रामटेकच्या अंबाळा तलावावर तिचं सगळं केलं होतं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा बोलली. मी फक्त तुमचा धागा वाचून दाखवला. रविवारी जाऊन राहिलो आजीले घेऊन. तिथं कोणाच्या वहीत असन काही?

---

पुणेरी_नागपूरकर | २२ डिसेंबर, रात्री ८:३०

अंबाळ्याच्या घाटावर ज्या गुरुजींनी केलं असेल त्यांचं घराणं विचारा, आजीला नाव आठवेल. गाव आणि आडनाव सांगा, वर्ष नाही सांगितलं तरी चालतं.

---

चाफा_सदर | २२ डिसेंबर, रात्री ८:४१

आणि आजीला आधी विचारा, तिला त्या बाईचं नाव माहीत आहे का. रस्त्यात विचारा, तिथं पोचल्यावर नको.

---

तर्रीपोहे | २२ डिसेंबर, रात्री ८:४४

माहीत हाय तिले. जेवताना विचारलं आत्ता. भाकर खाली ठेवली न् सांगितलं.